मत्स्यकन्या आणि मत्स्यगंधा : चेदिदेशातील एका कथेसंबंधी

'मत्स्यकन्या' हा शब्द उच्चारताच सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आज एकच चित्र उभे राहते. कमरेपर्यंत स्त्री, कमरेखाली मासा; समुद्रातील खडकावर बसलेली, हाती आरसा घेऊन केस विंचरणारी. हे चित्र आपल्या घरचे नाही. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या बालवाङ्मयातून, हान्स क्रिश्चन अँडरसनच्या १८३७ मधील प्रसिद्ध कथेच्या रूपांतरांतून आणि पुढे चित्रपटांतून ते आपल्याकडे आले, आणि त्याला चिकटलेला हा संस्कृत वळणाचा शब्द इतका बेमालूम बसला की तो प्राचीन असावा असाच सर्वसाधारण समज होऊन गेला. केवळ एक चित्र उसने आले असते तर फारसे बिघडले नसते. वाङ्मयांतून चित्रांची देवघेव नेहमीच होत असते. परंतु या चित्राबरोबर एक प्रश्नही आला, आणि तो प्रश्न घेऊन आपले अभ्यासक आपल्याच कथांकडे जाऊ लागले. भारतीय लोककथेत मत्स्यकन्या कोठे आहे, असे विचारावयाचे. ती फारशी सापडत नाही असे पाहावयाचे. आणि मग या बाबतीत आपली कल्पकता तोकडी पडली, असा निष्कर्ष तरी काढावयाचा किंवा एखाद्या ओढूनताणून आणलेल्या उदाहरणाने ती उणीव तरी भरावयाची. दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे होत.

स्टिथ टॉमसन यांच्या कल्पनाबंध-सूचीत 'बी ८१' हा क्रमांक मत्स्यकन्येला दिलेला आहे. त्याच टॉमसन यांनी जोनास बॅलिस यांच्या सहकार्याने १९५८ साली भारतातील मौखिक कथांची सूची प्रसिद्ध केली, आणि तीत मध्य भारताच्या सामग्रीचा मोठा वाटा व्हेरिअर एल्विन यांच्या संग्रहांतून आला. अशा सूचींचे उपकार अमान्य करण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून तुलनात्मक अभ्यास अंधारात चाचपडत राहिला असता. पण सूचीचा एक स्वभाव असतो. ती प्राण्याचा आकार पाहते, कथेत त्या प्राण्याचे काय होते हे तिला दुय्यम वाटते. अर्धे शरीर माशाचे असेल तर नोंद एका घरात पडते. पूर्ण माशाच्या पोटी पूर्ण माणूस जन्मला तर ती दुसऱ्याच घरात जाते. दोन्ही कथा एकाच चिंतेतून निर्माण झाल्या असण्याचा संभव सूचीला दाखवता येत नाही. तो दाखवणे हे टीकाकाराचे काम आहे, आणि त्यासाठी एखाद्या विशिष्ट भूभागात पाय रोवून उभे राहणे अधिक फलदायी ठरते. असा भूभाग म्हणजे जबलपूरच्या आसपासचा प्रदेश.

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना वाटेवर तेवर हे गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या कलचुरि-चेदि संवताच्या लेखांवरून या घराण्याचा इतिहास आज सुसंगतपणे मांडता येतो. हे राजे स्वतःला हैहय म्हणवीत आणि चेदीही म्हणवीत. महाभारतातील चेदिदेश मात्र थोडा उत्तरेस, आजच्या बुंदेलखंडात पडतो. त्या चेदीची राजधानी ज्या शुक्तिमती नदीकाठी होती, ती नदी म्हणजे आजची केन असे पार्जिटर यांचे मत आहे. ते स्वीकारले तर एक गोष्ट ध्यानात येते. केन उगम पावते ती आजच्या कटनी जिल्ह्यात, म्हणजे १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्याचाच भाग असलेल्या मुलखात. एका बाजूचे पाणी केनमार्गे यमुनेला, दुसऱ्या बाजूचे नर्मदेला. भारतीय वाङ्मयातील सर्वांत महत्त्वाची मत्स्यमानवाची कथा याच जलविभाजकाच्या उत्तर उतारावरून खाली वाहत गेली आहे.

ही कथा आदिपर्वात येते. ती सर्वांना ठाऊक आहे असे मानले जाते. वस्तुतः तिचा उत्तरार्ध तेवढा ठाऊक असतो. चेदीचा राजा उपरिचर वसू. त्याच्या नगराजवळून वाहणाऱ्या शुक्तिमतीला कोलाहल नावाच्या पर्वताने कामवश होऊन अडवून धरले. राजाने पर्वताला लाथ मारली, फट पडली, नदी मोकळी झाली. पर्वतापासून नदीला जुळे झाले होते. ते तिने कृतज्ञतेने राजाला दिले. मुलाला राजाने सेनापती केले आणि मुलीला, गिरिकेला, राणी केले. पुढे ऋतुस्नात गिरिकेला घरी ठेवून राजाला पितरांच्या आज्ञेने मृगयेस जावे लागले. वनात तिच्या आठवणीने त्याचे रेत स्खलित झाले. ते वाया जाऊ नये म्हणून त्याने एका श्येनाकरवी राणीकडे पाठवले. वाटेत दुसऱ्या श्येनाने झडप घातली आणि ते यमुनेत पडले. शापाने मासळी होऊन राहिलेल्या अद्रिका नामक अप्सरेने ते गिळले. दहाव्या महिन्यात धीवरांनी ती मासळी पकडली, तिचे पोट चिरले, आणि आत एक मुलगा व एक मुलगी निघाली. दोन मानवांना जन्म दिल्यावर शाप सुटणार होता; अद्रिका आपले दिव्य रूप घेऊन निघून गेली. धीवरांनी हे आश्चर्य राजाच्या कानी घातले. राजाने मुलगा ठेवून घेतला. तोच पुढे मत्स्य नावाचा धर्मनिष्ठ राजा झाला. मुलीला माशाचा वास येत होता. ती त्याने धीवराला देऊन टाकली.

कथेत दोनदा जुळे होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पहिले जुळे नदीचे, दुसरे माशाचे. दोन्ही वेळा मुलगा राजाश्रयाला येतो. मुलींची गती मात्र भिन्न आहे: नदीची मुलगी राणी होते, माशाची मुलगी होडी वल्हवते. दोघींमध्ये शरीराच्या आकाराचा काही भेद नाही. सत्यवतीला शेपूट नव्हते, खवले नव्हते. तिचे रूप पुढे शंतनूला मोह घालण्याइतके निर्दोष होते. भेद एका गंधाचा आहे. आणि तो गंध सत्यवतीच्या जुळ्या भावाला होता की नव्हता, हे सांगण्याची कथेला गरज वाटली नाही. एकाच पोटात, एकाच पाण्यात दोघे वाढली. मुलाचा वास कोणाच्या नाकाला जाणवला नाही.

हा गंध म्हणजे काय, असा प्रश्न विचारला की युरोपीय मत्स्यकन्येशी तुलना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सुरू होते. अँडरसनच्या नायिकेला जिभेचे मोल देऊन पाय मिळतात, आणि टाकलेले प्रत्येक पाऊल सुरीवरून चालल्यासारखे वेदना देते. ती हे सारे सोसते ते राजपुत्राच्या प्रेमासाठी, आणि तितकेच अमर आत्म्यासाठी. फुकेच्या १८११ मधील 'उंडीन' या कथेतही जलकन्येला विवाहाने आत्मा मिळतो. जलवासी भूतांना आत्मा नसतो व मनुष्याशी विवाह केल्याने तो लाभतो, हा विचार पॅरासेल्ससकडून आलेला आहे. म्हणजे ख्रिस्ती युरोपात मानव आणि मत्स्य यांमधील रेषा आत्म्याच्या असण्या-नसण्याची आहे. शेपूट हे त्या अभावाचे दृश्य चिन्ह होय. जेथे मासा, पक्षी, किडा या सर्वांना जीव आहे आणि कोणताही जीव कोणत्याही योनीत जाऊ शकतो, तेथे असा प्रश्न पडण्याचे कारणच उरत नाही. अद्रिकेला आत्मा आहे की नाही अशी शंका महाभारताच्या श्रोत्यांपैकी कोणाच्याही मनात आली नसेल. त्यांना पडणारा प्रश्न वेगळा होता: मासळीच्या पोटी जन्मलेल्या या मुलीचे कूळ कोणते? आणि कुळाचे चिन्ह डोळ्यांनी दिसणारे असावे लागत नाही. ते जवळ गेल्यावर कळते. पंक्तीला बसल्यावर, अंगावरून वारा आल्यावर कळते. म्हणून त्याला गंधाचे रूप मिळाले.

पराशर होडीत बसतो तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. कन्या अटी घालते. दिवसाढवळ्या कोणी पाहू नये, कौमार्य अबाधित राहावे. आणि वर मागावयाची वेळ येते तेव्हा ती अंगाच्या सुगंधाचा वर मागते. पराशर तो देतो. मासळीचा वास जातो, योजनभर दरवळणारा सुगंध येतो, आणि तोच सुगंध पुढे शंतनूला यमुनाकाठी खेचून आणतो. येथे वेदना नाही, जिभेचा बळी नाही. परंतु एक सूक्ष्म कठोरपणा आहे. सुगंध आला तरी तिला कूळ मिळाले नाही. ते तिच्या धीवर पित्याला भीष्माशी बोलून मिळवावे लागले. ही मुलगी तुमच्याच तोडीच्या एका आर्य पुरुषाचे अपत्य आहे, हे तो भीष्माला आवर्जून सांगतो, आणि तरीही मुलीच्या मुलालाच राज्य मिळेल असे वचन घेतल्यावाचून तिला देत नाही. ज्या बापाने तिला वासामुळे दिले त्याचे नाव सांगून, ज्याने तिला वासासकट घेतले तो तिचा सौदा करतो. धीवरराजाच्या हट्टाला लोभ म्हणण्याची प्रथा आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर गंध गेला एवढ्यावर विसंबण्याइतका तो भोळा नव्हता, एवढेच म्हणता येते.

महाभारताची ही कथा अगदी एकाकी आहे असे मात्र नव्हे. डायोडोरसने सांगितलेली सीरियातील डर्केटोची कथा तिच्या बरीच जवळ जाते. एका तरुणाच्या मोहात पडून डर्केटोला मुलगी होते. लाजेने ती मुलीला टाकून देते आणि स्वतः सरोवरात उडी घेऊन मत्स्यरूप होते. मुलीला कबुतरे जगवतात, मेंढपाळांना ती सापडते, आणि तीच पुढे सेमिरामिस राणी होते. मत्स्यरूप आई, मानवी मुलगी, हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांकडून पालन आणि शेवटी सिंहासन: क्रम तोच आहे. लुशियनने फिनिशियात डर्केटोची अर्धी स्त्री व अर्धी मासळी अशी मूर्ती पाहिल्याचे लिहिले आहे. तेव्हा तेथे कथा आणि मूर्ती एकत्र नांदत होत्या. आपल्याकडे कथा राहिली, मूर्ती घडली नाही. का घडली नाही, हा प्रश्न शिल्पशास्त्राकडे नेतो.

अर्धे मानव व अर्धे मत्स्य असे शरीर भारतीय शिल्पींना अपरिचित होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. विष्णूचा मत्स्यावतार अनेकदा तसाच दाखवला जातो. कमरेपर्यंत चतुर्भुज देव, खाली मासा. म्हणजे युरोपने जे शरीर अपूर्णतेचे चिन्ह मानले ते आपल्याकडे देवाला दिले गेले, आणि तेही पुरुषदेवाला. स्त्रीच्या वाट्याला दुसरे अर्धशरीर आले, ते नागाचे. वर सुंदर स्त्री आणि खाली वेटोळी घातलेली शेपटी अशा नागिणी देशभरच्या मंदिरांवर आहेत. युरोपीय मत्स्यकन्या जे कार्य करते ते आपल्या वाङ्मयात नागकन्येकडे आहे, हे उलूपीच्या एका कथेवरूनही सिद्ध होते: गंगाद्वारी स्नान करून बाहेर पडू पाहणाऱ्या अर्जुनाला ती पाण्याखाली ओढून नेते आणि प्रेमाची याचना करते. समुद्रावरच्या खलाशांना खाली खेचणाऱ्या जलकन्यांची ती सख्खी बहीण शोभेल. युरोपातही ही सीमा पक्की नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जाँ दारास याने लिहिलेल्या मेल्युसीनच्या कथेत दर शनिवारी नायिकेचे कमरेखालचे शरीर सर्पाचे होते. ग्रीकांच्या सायरेन तर मुळात पक्षिणी होत्या आणि मध्ययुगात त्यांना माशाची शेपटी लागली. आणि एक गंमतीची गोष्ट अशी की पश्चिम आफ्रिकेत 'मामी वाता' या जलदेवतेचे जे चित्र घरोघरी गेले, ते मुळात एकोणिसाव्या शतकात जर्मनीत छापलेले एका गारुडीण स्त्रीचे, अंगाखांद्यावर साप खेळवणारे चित्र होते. त्याचे १९५५ मधील पुनर्मुद्रण आपल्या मुंबईतील श्रीराम कॅलेंडर कंपनीने केले. सर्प आणि मत्स्य यांची अदलाबदल लोककल्पना किती सहजपणे करते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

जबलपूरच्या परिसरातच आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय दहाव्या शतकाच्या सुमाराचे आहे. कलचुरी राणी अल्हणदेवीचा ११५५ मधील लेखही भेडाघाटचाच. या योगिनींपैकी काहींना पशूंची मुखे आहेत. धड स्त्रीचे, मुख हत्तीचे किंवा अन्य पशूचे. मूर्ती पुष्कळशा भग्न आहेत, तरी त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर एक बाब स्पष्ट होते. युरोपीय कल्पनेने मुख मानवी ठेवून पशुत्व कमरेखाली लपवले. या शिल्पींनी ते मस्तकावर ठेवले. लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. योगिनी कोणाच्याही राणी व्हावयाच्या नव्हत्या, तेव्हा त्यांना कूळही नको होते आणि सुगंधही नको होता.

या टेकडीखालून नर्मदा वाहते, आणि नर्मदेच्या पाण्यात मत्स्यकन्या नाही याचे सर्वांत सोपे कारण तिच्याच कथेत आहे. येथे स्त्री नदीत राहत नाही. नदी हीच स्त्री आहे. जबलपूरला दीर्घकाळ अधिकारी असलेल्या स्लीमनने १८४४ च्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलेली आणि आजही काठावर सांगितली जाणारी कथा अशी: नर्मदा आणि शोण यांचे लग्न ठरले. वर कसा आहे हे पाहण्यासाठी नर्मदेने न्हाव्याची मुलगी जोहिला हिला पाठवले. शोण जोहिलेवरच भुलला. नर्मदेने रागाने एका लाथेसरशी शोणाला पूर्वेकडे परत लोटले, दुसऱ्या लाथेने जोहिलेला त्याच्यामागे पाठवले, आणि स्वतः पश्चिमेकडे वळली ती कायमची कुमारी राहिली. शुक्तिमतीला सोडवण्यासाठी राजाला लाथ मारावी लागली होती. नर्मदेला राजाची गरज भासली नाही. तिच्या प्रतिमेतही स्त्री व जलचर एका शरीरात मिसळत नाहीत: ती उभी किंवा बसलेली असते आणि मगर तिचे वाहन असते. जलचर खाली, देवी वर, मध्ये स्पष्ट रेषा. मात्र कुळाची चिंता याही कथेला सुटलेली नाही. जोहिला न्हाव्याची मुलगी आहे, हे सांगितल्यावाचून ही कथा कोणी सांगत नाही.

याच काठावर होड्या चालवणाऱ्या व मासे धरणाऱ्या लोकांत धीमर ही जात आहे. संस्कृतातील 'धीवर' हाच शब्द तिच्या नावात घासून उरला आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात धीमरांची माहिती विस्ताराने येते. मासेमारी, पालखी वाहणे, शिंगाड्याची लागवड आणि घरोघर पाणी भरणे हे त्यांचे व्यवसाय. त्यांच्या हातचे पाणी ब्राह्मणालाही चालते, ही त्यातील मार्मिक नोंद होय. ज्या हाताला मासळीचा वास आहे त्याच हाताने दिलेले पाणी शुद्ध! महाभारतातील कथेने जो पेच गंधाच्या रूपाने मांडला, तो प्रत्यक्ष समाजव्यवहाराने असा सोडवला: हात चालतो, पाणी चालते, फक्त मुलगी देणे-घेणे चालत नाही. पुस्तकातला धीवरराज हे जाणत होता.

नर्मदेच्या उगमाकडे, मैकल पर्वतात, गोंड आणि बैगा यांच्या कथांचे जग सुरू होते. एल्विन यांनी १९४४ साली महाकोसलच्या लोककथा आणि १९४९ मध्ये मध्य भारतातील पुराणकथा प्रसिद्ध केल्या. त्यांचे सहकारी शामराव हिवाळे हे मराठी होते, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कथांत आरंभी सर्वत्र पाणी असते. माती कोठेच नसते. ती पाताळात गांडुळाने गिळलेली असते, आणि खेकड्याच्या साहाय्याने गांडुळाला ती ओकावयास लावली जाते. तेथेही अर्धशरीराची कल्पना नाही. गिळणे, पोटात राहणे आणि पोटातून बाहेर येणे, एवढाच व्यवहार आहे. चेदीची मासळी राजाचे बीज गिळते, मैकलातील गांडूळ पृथ्वी गिळते. दोन समाज, दोन भाषा, दोन पातळ्या. परंतु जलचराविषयीची मूळ धारणा सारखीच दिसते. जलचर हे दुसऱ्याचे काही काळ सांभाळणारे पोट आहे. अनार्य कथेत मात्र बाहेर आलेल्या मातीला कोणी वास घेऊन पाहत नाही.

उपरिचर वसूची कथा महाभारतात संपली नाही. तिला सर्वांत अनपेक्षित फांदी फुटली ती मराठीत. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, 'नवनाथ भक्तिसार' ही पोथी पूर्ण केली. तिच्या पहिल्याच अध्यायात उपरिचर वसू पुन्हा येतो. उर्वशीला पाहून त्याचे रेत स्खलित होते, यमुनेत पडते, मासळी ते गिळते, आणि त्यातून जन्मतो तो मच्छिंद्रनाथ. पोटात असतानाच त्याने शंकराचा पार्वतीला चाललेला उपदेश ऐकलेला असतो. मासळीने काठावर टाकलेले अंडे फुटते, मूल कोळ्याच्या हाती लागते, आणि तो त्याला वाढवतो. पुढचा प्रसंग पोथीतील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. पाच वर्षांच्या मुलाला बाप मासेमारीला बरोबर नेतो. बाप जाळ्यातून काढून काठावर टाकील तो मासा मूल दयेने पुन्हा पाण्यात सोडते. बाप मारतो, अशाने भीक मागावी लागेल म्हणतो. आणि मुलाला वाटते, या अन्नापेक्षा भिक्षा बरी. ते निघून जाते. महाभारतात वास असलेली मुलगी आपल्या वासापासून सुटू पाहते. पोथीतला मुलगा आपल्या जातीच्या माशांना पाण्यात परत पाठवतो. वासाचा उल्लेखही नाही, कारण जो कुळाबाहेर पडून नाथ होणार आहे त्याला कुळाचे चिन्ह कशाला? प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ साली प्रकाशित केलेल्या 'कौलज्ञाननिर्णया'त याहून जुने रूप आहे: माशाने गिळलेले शास्त्र परत मिळवण्यासाठी ब्राह्मण्य टाकून कैवर्त व्हावे लागते. सत्यवतीची वाट होडीतून महालाकडे जाते. मत्स्येंद्राची वाट वरून खाली, धीवराच्या होडीकडे येते.

त्या ग्रंथात योगिनींच्या कौलमार्गाचा उल्लेख आहे आणि भेडाघाटला योगिनींचे देवालय आहे, एवढ्यावरून दोहोंची गाठ मारण्याचा मोह होईल. तो टाळणे बरे. पोथीची गोष्ट वेगळी. १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वी काही दशके जबलपूरचा मुलूख प्रथम सागरच्या आणि मग नागपूरच्या मराठ्यांकडे होता; त्या निमित्ताने आणि पुढे नोकरीधंद्याने मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली, आणि मराठी कुटुंब जाते तेथे ही पोथी जाते. चेदीच्या राजाची गोष्ट अशा रीतीने फिरून चेदीच्या मुलखात मराठीतून वाचली जाऊ लागली.

आधुनिक मराठी लेखकाने या कथेचे काय केले, हेही पाहावयास हवे. वसंत कानेटकर यांचे 'मत्स्यगंधा' हे नाटक १९६४ साली रंगभूमीवर आले आणि संगीतासह लोकप्रिय झाले. नाटकाचे गुण सर्वमान्य आहेत. परंतु तेथे सत्यवतीची शोकांतिका प्रेमातील वंचनेतून घडते. तिचा कडवटपणा एका पुरुषाने केलेल्या विश्वासघाताचा आहे. नाटकाच्या नावात गंध आहे, पण नाटकाचे शल्य गंधाचे नाही. रंगमंचावर वास दाखवता येत नाही, ही अडचण खरी. तरी केवळ तेवढेच कारण नसावे. प्रेमभंगाची नायिका आपल्या काळाला जवळची वाटते, कारण ती अँडरसनच्या नायिकेची नातलग आहे. मत्स्यगंधा रंगभूमीवर येईपर्यंत अर्धीअधिक मत्स्यकन्या झालेली होती. मूळ कथेतील सत्यवती पराशरावर रुसत नाही. तिने अटी घातल्या, त्या पुऱ्या झाल्या, व्यवहार संपला. तिचा झगडा त्या माणसाशी नव्हताच.

तो कशाशी होता, हे आदिपर्वातच पुढे दिसते. चित्रांगद आणि विचित्रवीर्य मरतात. भीष्म प्रतिज्ञा मोडण्यास तयार नाही. ज्या कुळात जाण्यासाठी एवढा सौदा झाला ते कूळच बुडण्याची वेळ येते. तेव्हा सत्यवती भीष्माजवळ आपले कौमार्यातील रहस्य उघड करते. आणि ते सांगताना ती पूर्वी आपल्या अंगाला येणाऱ्या माशाच्या किळसवाण्या वासाचा स्वतःच उल्लेख करते. त्या वेळी ती राजमाता आहे. कोणी विचारलेले नाही. सुगंधाने जो वास कधीच घालवला होता, तो ती शब्दांनी पुन्हा दरबारात आणते. मग व्यासाला बोलावले जाते. तो आईला सांगतो की आपले रूप, वेष आणि शरीर सुनेला सहन झाले पाहिजे. पण त्या यादीत रूपाच्याही आधी येतो तो गंध. तपस्व्याच्या अस्वच्छ देहाचा तो वास, असा अर्थ करता येईल आणि तो चुकीचा नाही. तरी मत्स्यगंधेच्या मुलाने सर्वांत आधी गंधाची अट घालावी, हे सहज घडले असे मानणे कठीण जाते. आईचा वास पराशराने नाहीसा केला. मुलाने तो कुरुकुळाच्या शयनगृहात आणला आणि तो सोसण्याची अट घातली. अंबिकेने डोळे मिटून घेतले.